बाबांना कुठली हवा आवडते

२ नोव्हेंबर
आकाश: आठपैकी आठ भाग ढग. वारा नाही.

'तीर्थरूप' लिहावं असं तू वागत नाहीस, आणि नुसतं 'दादा' लिहावं एवढी आपली सध्या बोलचाल नाही. म्हणून मायन्याची जागा कोरी सोडली आहे. तुझ्या मनाने भरून घे.

पत्रास कारण गंभीर आहे. गेल्या आठवड्यात तुझ्या दुकानातला फिटर बाबांना माझ्या घरी पोचवून गेला, तेव्हा त्यांच्या सामानात एक टेबलफॅन निघाला. पुन्हा लिहितो, म्हणजे तुला चष्म्याचा नंबर वाढला असं वाटायला नको: टेबलफॅन. ज्या गावात माणसं भर उन्हाळ्यात पायमोजे घालून झोपतात, त्या गावात, हिवाळ्याच्या तोंडावर, तू आपल्या जन्मदात्याबरोबर पंखा धाडलास. या कृतीचे तीन अर्थ संभवतात. एक, तुला भूगोल येत नाही. दोन, तुला विनोद करायचा होता. पण तुला मी एक्कावन्न वर्षं ओळखतो, त्यामुळे हा अर्थ बाद. तीन, हा टोमणा आहे. म्हणजे 'आमच्याकडे ऊन आहे, म्हणून आमच्याकडे पंख्याला अर्थ आहे. तुमच्याकडे काय आहे?'

आमच्याकडे ढग आहेत. आणि ते मला आवडतात. ढगाळ दिवशी डोळे बारीक करावे लागत नाहीत. सावल्या नसतात, त्यामुळे रस्त्यावरची सगळी माणसं सारख्याच महत्त्वाची दिसतात. चहाला कारण असतं. तुझ्या गावात माणूस चहा पितो तो निव्वळ हट्टाने.

तू ऊन विकतोस हे मी विसरत नाही. छपरांवर सोलरचे बंब बसवणाऱ्याने उन्हाची बाजू घ्यायची नाही तर कोणी घ्यायची? पण माझं कामही तेवढंच उन्हाचं आहे, जरी तू ते पाहुण्यांना 'हवेतलं काम' म्हणून सांगतोस. आमच्या वेधशाळेच्या छतावर काचेचा एक गोळा आहे. ऊन पडलं की तो ते एकवटून मागच्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर टाकतो, आणि पट्टी जळते. सूर्य सरकतो तशी जळकी रेघ सरकते. रोज मावळतीनंतर मी पट्टी बदलतो आणि रेघ मोजतो. हिवाळ्यात रेघ नसतेच. म्हणजे न पडलेलं ऊन मोजायला मला नोकरीवर ठेवलेलं आहे. संस्कृत शिकलेल्या माणसाला याहून योग्य जागा नाही. 'अभाव' हादेखील एक पदार्थ आहे, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

तेव्हा एका आईची दोन मुलं, एक ऊन विकतो, दुसरा नसलेलं ऊन मोजतो, आणि आई गेल्यापासून अकरा वर्षं एक म्हातारा शिंपी सहा महिने एकाकडे, सहा महिने दुसऱ्याकडे. इथवर ठीक होतं. आपण दोघं मधल्या जंक्शनवर यायचो, तू तिकडून, मी इकडून. बाकावर बसून तिघं चहा प्यायचो आणि बाबांची पेटी या हातातून त्या हातात जायची. मग तीन वर्षांपूर्वी त्याच बाकासमोर तू म्हणालास, "तू त्यांना ओलं ठेवतोस." मी म्हणालो, "आणि तू त्यांना कपड्यांसारखं वाळत घालतोस." पाच मिनिटांत सगळा फलाट आपल्याकडे बघत होता. बाबा मधे बसून बिस्किट बुडवत होते. परक्या माणसाला सांगितलं तर तो म्हणेल, दोन भाऊ तीन वर्षं बोलत नाहीत म्हणजे इस्टेटीचा वाद असणार. हवेवरून भांडलो, हे कोणाला पटणार?

तर पंख्याचा खुलासा करावा. पत्रानेच कर. फोनवर तू मधे बोलतोस.

तुझा (व्याकरणापुरता),
धाकटा

ता. क. शुक्रवारी डॉक्टरीणबाई येऊन बाबांना तपासून गेल्या. हृदय थकलंय म्हणाल्या. एक प्रवास झेपेल, दोन नाहीत. म्हणजे पुढल्या वर्षीपासून ही ने-आण बंद. ज्या घरी राहतील तिथे कायमचे राहतील. तिकडे न्यायचं असेल तर या महिन्याच्या आत, थंडी वाढण्यापूर्वी. हे वर लिहायला हवं होतं. पण पंख्याचं आधी सुचलं.


८ नोव्हेंबर
आकाश: आठपैकी आठ. सकाळी धुकं.

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणायचं ते तू पाकिटात घातलंस म्हणून. "पंखा मी दिलेला नाही, बाबांनीच घेतला. डॉक्टरांनी काय सांगितलं ते नीट कळव. कुठे राहायचं ते बाबांनाच विचार."

डॉक्टरांनी सांगितलं ते मागे लिहिलंय तेवढंच. आता 'बाबांनाच विचार' हे बघू. वाक्य सोपं आहे. तू बाबांना कधी काही विचारलंयस? मी विचारलं. उत्तर शब्दशः देतो.

"बाबा, इथली हवा कशी वाटते?"

"छान आहे की."

"आणि दादाकडची?"

"ती पण छान."

"दोन्हींत जास्त छान कुठली?"

चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुला कुठली वाटते?"

"इथली."

"मग इथली."

"पण दादाला तिकडची वाटते."

"मग तो तिकडे राहतो ते बरंच झालं की नाही?"

हे झालं शब्दप्रमाण. आप्तवाक्य खोटं नसतं असं शास्त्र सांगतं, पण शास्त्रकारांच्या घरी शिंपी नव्हता. आपल्या होता. चाळीस वर्षं आरशासमोर उभ्या राहिलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते एकच वाक्य सांगत आले: "खुलून दिसतंय." पोट सुटलेल्याला, खांदे पडलेल्याला, जांभळ्या कापडाचा आग्रह धरणाऱ्याला, सगळ्यांना खुलून दिसायचं. एकदा लहानपणी मी विचारलं होतं, "बाबा, त्या काकांना तो कोट बिलकूल शोभत नव्हता ना?" तर दोऱ्याचं टोक तोंडात धरून म्हणाले, "अरे पंडिता, कोट घालून तो निघालाय. आता त्याला वाटेत थांबवून काय करायचं?"

तेव्हा शब्दप्रमाण बाद. मी प्रत्यक्षाकडे वळलो आहे. आमच्या धंद्यात 'वाटलं' चालत नाही, 'दिसलं' लागतं. बाबा दुपारभर लाकडी खुर्चीत बसतात आणि ती त्यांना हवी तिथे ओढून नेतात. रोज संध्याकाळी ते हातपाय धुवायला गेले की मी खुर्चीच्या चार पायांभोवती खडूने खूण करतो आणि बाजूला तारीख घालतो. कामाला येणाऱ्या बाई पहिल्या दिवशी खुणांना वळसा घालून केर काढून गेल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "साहेब, हे पुसायचं का तसंच ठेवायचं?" मी म्हटलं, तसंच ठेवा, शास्त्राचं काम आहे. त्या बाबांकडे बघून म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही तरी लक्ष ठेवा यांच्यावर."

पंख्याचाही छडा लागला. बाबा तो लावतात, पण भिंतीकडे तोंड करून. अंगावर दोन रजया, आणि पंखा भिंतीला वारा घालतोय. विचारलं तर म्हणाले, "आवाजाला रे. मशीन चालल्यासारखं वाटतं. झोप येते." म्हणजे पंखा ना तुझ्या बाजूचा पुरावा, ना माझ्या. टोमण्याचा आरोप मी मागे घेतो. भूगोलाचा राहू दे.

एक गोष्ट मात्र माझ्या बाजूने नोंदवतो. मी संध्याकाळी घरी आलो की बाबा न चुकता विचारतात, "आज पट्टी जळली का?" मी म्हणतो, नाही. ते म्हणतात, "बरं, उद्या." माझ्या कामात एवढा रस आपल्या घरात कोणी घेतला नव्हता. तू तर नाहीच.

आणि एक कुतूहल. माणसाला ऊन आवडतं की ढग, हे ठरतं कुठे? जन्मतः म्हणावं तर आपण एकाच घरात वाढलो. आमच्या कार्यालयातली टंकलेखिका तीन दिवस सूर्य दिसला नाही की आकडे चुकवते; चौथ्या दिवशी मी तिच्या टेबलावरचा दिवा बदलून मोठा लावतो, आणि आकडे सुधारतात. माझं उलट होतं. स्वच्छ ऊन पडलं की मला उगाच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, घरी कोणीतरी वाट बघत असावं तसं. हे असं का, याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर पाठव. पाकिटात जागा असते.

धाकटा


१५ नोव्हेंबर
आकाश: आठपैकी आठ. बारीक पाऊस. पारा चारवर.

खुर्चीचा अहवाल: आठवड्यापूर्वी ती खिडकीशी होती. मग टेबलाशी. मग दारात. आता स्वयंपाकघरात शेगडीच्या इतकी जवळ आली आहे की बाईंना भाजी परतताना बाबांना "आजोबा, कोपर सांभाळा" म्हणावं लागतं. खडूच्या खुणांची एक रांगच फरशीवर उमटली आहे. एखादं चार पायांचं जनावर उबेच्या शोधात निघालंय असं वाटतं.

पहिल्यांदा मी याचा अर्थ लावला की बाबांना बाईंच्या गप्पा आवडतात. हसू नकोस. पुरावा समोर असला तरी माणूस तो आपल्या सोयीने वाचतो. मी पदवीधर आहे एवढ्याने सुटका होत नाही.

मग मंगळवारी कोट सापडला.

म्हणजे हरवला नव्हता. बाबांचा तो जुना काळा कोट, जो ते इथे दिवसभर घालून असतात. कॉलर मळली होती, म्हणून धुलाईला द्यावा म्हटलं आणि खुंटीवरून काढला, तर हात खाली आला. एवढा जड कोट बाबा घालूच शकणार नाहीत असं वाटलं. बाबा आंघोळीला गेले होते. मी तो पलंगावर उलटा पसरला. बाहेरून नेहमीचं गुळगुळीत अस्तर. त्याच्या आत चाचपलं तर मऊ, जाड काहीतरी. खालची कड जरा उचलून बघितलं, तर करड्या रंगाचं लोकरी कापड. ओळखीचं.

पाच वर्षांपूर्वी मी त्यांना एक लोकरी गाऊन घेतला होता. अंगात घातलेला मी तो कधीच पाहिला नाही. मला वाटलं होतं ते तो तुझ्याकडे विसरले असतील, किंवा वहिनीने कुणाला देऊन टाकला असेल. (वहिनीची माफी मागतो. पाच वर्षांची.) तो गाऊन कोटाच्या आत होता, मापात कापून, बाह्यांपर्यंत नेऊन, असा बेमालूम की बाहेरून एक सुरकुती नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. गुळगुळीत कापडावर सुईचं भोक बुजत नाही, हे बाबांनीच आपल्याला शिकवलं होतं. कडेला मी भिंग लावलं, आमच्या कार्यालयातलं, रेघ मोजायचं. आत्ताच्या टाक्यांच्या बाजूला जुन्या भोकांच्या ओळी होत्या. एकीखाली एक, चार. आत्ताची पाचवी. म्हणजे दर हिवाळ्यात इथे आले की शिवायचं, तुझ्याकडे निघायच्या आधी उसवायचं. पाच हिवाळे. गाऊन मिळण्याआधीचे सहा त्यांनी कशावर काढले, मला माहीत नाही.

हे अनुमान. प्रत्यक्षापेक्षा खालच्या पायरीचं, पण या वेळी पटलं.

मी कोट होता तसा खुंटीवर लावला. धुलाईला दिला नाही. बाबांना काही बोललो नाही. त्या संध्याकाळी ते म्हणाले, "आज पट्टी जळली का?" आणि मी नेहमीसारखं "नाही" म्हणालो आणि पहिल्यांदा वळून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. दादा, तो माझ्या कामात रस नव्हता. ते ऊन विचारत होते.

आता तू विजयी झालास असं मनात आणू नकोस. माझ्या शास्त्राप्रमाणे दुसऱ्या पक्षाचीही झडती झाली पाहिजे. बाबांची तुझ्याकडची खोली वहिनीला नीट बघायला सांग. शिवलेलं काही दिसतं का. उसवू नका, नुसतं बघा.

धाकटा


२० नोव्हेंबर
आकाश: आठपैकी सात. एक फट होती, दहा मिनिटं.

तुझं चार पानी पत्र काल आलं, दोनदा वाचलं. एकदा हसण्यासाठी, एकदा नंतर.

वहिनी स्टुलावर चढली, पडदा उलटा केला आणि "अहो, इकडे या" म्हणून जी ओरडली, ती मला इथे ऐकू आली. त्यांच्या खोलीला तू हौसेने पातळ पांढरे पडदे लावलेस, म्हाताऱ्या माणसाला भरपूर ऊन मिळावं म्हणून. आणि त्यांच्या मागे बाबांनी काळं कापड शिवून टाकलं, तेही तुझ्या पन्नाशीला तू त्यांना सुटासाठी दिलेलं! तू म्हणायचास, "सूट कधी शिवणार बाबा?" आणि ते म्हणायचे, "शिवतोय, शिवतोय." खोटं नव्हतं बोलत. आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तू ती खोली दाखवायचास, "बघा, भर उन्हात कशी गार राहते, बांधकामच तसं आहे." एकदा मलासुद्धा सांगितलं होतंस. मी विश्वास ठेवला होता.

म्हणजे मी दिलेल्या कापडाने ते माझी थंडी थोपवतात, आणि तू दिलेल्या कापडाने तुझं ऊन. आपल्या भेटवस्तू वाया गेल्या नाहीत, एवढं समाधान आहे.

शेवटच्या पानावर तू विचारतोस, खिडकीखालची खाट आठवते का? आठवते. दोन खाटा होत्या, खिडकीखालची तुला मिळाली, मोठा म्हणून. सकाळचं ऊन थेट तुझ्या अंगावर. मी आतल्या कोपऱ्यात. मी आठवडाभर रडलो आणि मग एक दिवस जाहीर केलं की मला सावलीतच बरं वाटतं, उन्हात झोपणारी माणसं मंद होतात. तू लिहितोस, "तू ते इतक्या ठामपणे म्हणालास की मला माझी खाट नकोशी झाली."

माझ्या मागच्या प्रश्नाचं हे उत्तर असेल तर फार लाजिरवाणं आहे. त्या एका वाक्याच्या टेकूवर मी नोकरी धरली, गाव धरलं, एकट्याचा संसार धरला. तरी सांगतो, आता मला ढग खरंच आवडतात. खोटं बोलता बोलता खरं झालं. तुझं तसं झालं का? की तुलाही ते ऊन नको होतं आणि मोठा म्हणून निभावत राहिलास? पुढच्या पत्रात लिही. आधी बाबांचं ठरू दे.

महिना संपायला दहा दिवस आहेत. आता त्यांना सरळ विचारतो. त्यांच्या भाषेत.

धाकटा


२५ नोव्हेंबर
आकाश: आठपैकी पाच. पट्टी वीस मिनिटं जळली.

दादा,

विचारलं. काल दुपारी, सुट्टी होती. बाबा शेगडीपाशी बसले होते, टेप अजून त्यांच्या खिशात असते. मी समोर स्टूल घेतलं आणि म्हटलं, "बाबा, एक गिऱ्हाईक आहे. कोट शिवायचाय. पण अस्तर कुठलं घालावं ते ठरत नाही."

"राहतो कुठे?"

"तेच ठरत नाही. दोन गावं आहेत. एक उन्हाचं, एक थंडीचं."

"त्याला विचारलंस?"

"तो म्हणतो, दोन्ही छान."

बाबा हसले. मग बराच वेळ टेप बोटाला गुंडाळत, सोडत बसले. म्हणाले, "तू कोट उसवून बघितलास ना? कड नीट बसवली नाहीस. मला त्याच दिवशी कळलं."

बाई भांडी घासत होत्या, त्यांनी नळ बंद केला.

"उसवला नाही," मी म्हटलं. "नुसता उचलून बघितला."

"तेच ते."

"बाबा, तुम्हाला हवा आवडते तरी कुठली?"

"दोन्ही आवडतात रे. खोटं कशाला सांगू? तुझ्याकडे ढग आले की डोळ्यांना बरं वाटतं. त्याच्याकडे सकाळी पाठीला ऊन लागतं, तेही बरं वाटतं. फक्त..." आणि थांबले. गिऱ्हाइकाला 'कापड पुरणार नाही' असं सांगायची वेळ आली की थांबायचे, तसे. "फक्त तुम्ही दोघांनी उलटं बोलावलंत."

"उलटं म्हणजे?"

"तू हिवाळ्यात बोलावतोस. तो उन्हाळ्यात. हिवाळ्याला तिकडे आणि उन्हाळ्याला इकडे आलो असतो, तर मला अस्तरही लागलं नसतं आणि पडदाही."

दादा, मी आठ दिवस फरशीवर खडूने खुणा करत होतो. रोज पारा मोजणारा माणूस मी, सगळे ऋतू माझ्या वहीत आहेत, आणि हे मला अकरा वर्षांत सुचलं नाही. आठव, पहिल्या वर्षी मी त्यांना लिहिलं होतं, आमच्याकडे यायचं तर हिवाळ्यात या, खरी मजा तेव्हाच. तू लिहिलंस, ऊन बघायचं तर भर उन्हाळ्यात या. दोघांनी आपापल्या गावाचा उत्तमोत्तम ऋतू वाढून ठेवला आणि ते दरवर्षी ताटावर येऊन बसले. तिकडे भाजत, इकडे गारठत.

"अकरा वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही दोघं इतक्या हौसेने दाखवत होतात," ते म्हणाले. "माणूस आपला सगळ्यात चांगला कोट घालून समोर उभा राहतो. त्याला कसं सांगायचं, बाबा रे, उलटा घातलायस?"

बाईंनी नळ पुन्हा सोडला. जरा जोरातच.

मी म्हटलं, "मग आता?"

"आता एकच फेरी आहे ना? डॉक्टरीणबाई तुला दारात सांगत होत्या, मला ऐकू येतं. आता हिवाळा आहे. हिवाळ्याला तिकडे जावं." हे एवढं सरळ वाक्य मी त्यांच्या तोंडून जन्मात प्रथम ऐकलं. आणि लगेच माझ्याकडे बघून, "तुला चालेल ना?"

मी म्हटलं, चालेल.

तर ठरलं. २९ तारखेला सकाळच्या गाडीने मी त्यांना घेऊन निघतो, साडेबाराला जंक्शनवर. या वेळी फिटरला पाठवू नकोस, तू ये. डॉक्टरीणबाईंनी दिलेली गोळ्यांची यादी पेटीच्या झाकणाला चिकटवली आहे. पंखा देतो आहे, भिंतीकडे तोंड करून ठेवायचा. पडदा आहे तसा राहू दे, आणि उन्हाळा आला की त्या काळ्या कापडाला अजून एक थर लाव. या वेळी उघडपणे, त्यांना विचारून. कोटाचं अस्तर त्यांनी आज सकाळपासून उसवायला घेतलंय. मी दोरे गोळा करतोय.

आज पट्टी जळली. सकाळी जरा वेळ ढग फाटले. दुपारी जेवायला घरी आलो तेव्हा पहिल्यांदा मीच आधी सांगितलं, "बाबा, आज वीस मिनिटं." ते म्हणाले, "कुठे होतं ऊन? मला नाही दिसलं." मी म्हटलं, छतावर होतं, घरापाशी नाही आलं. संध्याकाळी ती पट्टी नियम मोडून घरी आणली आणि त्यांच्या हातात दिली. बोटाने जळकी रेघ चाचपून बघितली, आणि कोटाच्या वरच्या खिशात घातली. घेऊन येतील, बघ.

आता जे पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं आणि पंख्यामागे लपवलं, ते लिहितो. तीन वर्षांपूर्वी फलाटावर तू म्हणालास ते बरोबर होतं. मला तेव्हाच माहीत होतं. त्या हिवाळ्यात मी त्यांचं खोकणं ऐकत होतो. औषधाची बाटली माझ्या कपाटात होती, तुझ्या नजरेला पडू नये म्हणून पेटीत घातली नव्हती. म्हणून तर एवढा भांडलो. त्यांना थंडी वाजते का, असं मी कधी विचारलं नाही, कारण ते 'हो' म्हणाले असते तर तू त्यांना बाराही महिने ठेवून घेतलं असतंस, आणि माझ्या घरी संध्याकाळी दार उघडल्यावर विचारणारं कोणी उरलं नसतं.

त्यांच्या तिकडच्या उन्हाळ्याची मला फारशी चिंता नाही. तू आहेस, वहिनी आहे. मला काळजी वेगळीच आहे. ती सांगायला दुसरं कोणी नाही म्हणून तुला सांगतो. डॉक्टरीणबाईंनी महिने मोजून सांगितलेले नाहीत, पण मी विचारलं तेव्हा त्या खाली बघत होत्या. मला भीती वाटते की ते तुझ्याकडे असतानाच जातील, आणि त्या वेळी मी इथे छतावर पट्टी बदलत उभा असेन. माझी रजा साठली आहे, बरीच. मला जंक्शनवरून परत फिरायचं नाही, त्यांच्याबरोबर तुझ्या घरी यायचं आहे. तू ये म्हणशील की नाही, मला माहीत नाही.

धाकटा